सवय नेमकी कुणाला लागते?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



कवीला बोलावलं म्हणजे तो कविता ऐकवणार, अशी तुमची समजूत असेल तर ती आज थोडी बाजूला ठेवा. आज मी पोटाविषयी बोलणार आहे. भुकेविषयी नव्हे, भुकेवर कवींनी पुष्कळ लिहिलं आहे. आपल्या आतड्यात राहणारे जिवाणू आणि आपण वारंवार अँटिबायोटिक घेतलं की ते काय करतात, हा आजचा विषय. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाचं पुस्तक शाळेबरोबरच सुटलं. तरीही या विषयाकडे वळलो तो एका वाक्यामुळे, आणि वाक्य हा तर माझाच विषय.

ते वाक्य तुम्हीही कधीतरी म्हटलं असेल. "पूर्वी दोन गोळ्यांत गुण यायचा, आता अंगाला औषधाची सवय झाली." आमच्या मोहल्ल्यात, बाजारात, एस.टी.च्या रांगेत हे वाक्य रोज ऐकू येतं. व्याकरण शिकवताना आमचे मास्तर विचारायचे, "वाक्यातला कर्ता शोधा." इथंही तोच प्रश्न आहे. सवय झाली खरी, पण कुणाला? आपण म्हणतो, अंगाला. अँटिबायोटिकच्या बाबतीत शास्त्र सांगतं, अंगाला नव्हे, अंगात राहणाऱ्यांना. कर्ता चुकला की वाक्याचा अर्थ बदलतो. इथं तर कर्ता चुकल्यामुळे उपायही चुकतो.

हे राहणारे कोण, ते आधी पाहू. इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली नव्यानं हिशेब मांडला, तेव्हा एका माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू असतात, असा अंदाज निघाला. म्हणजे आपल्या स्वतःच्या पेशी जितक्या, जवळजवळ तितकेच पाहुणे. या सगळ्यांचं वजन भरतं जेमतेम २०० ग्रॅम, आणि त्यांची बहुतेक वस्ती मोठ्या आतड्यात. पाहुणे म्हटलं खरं, पण ते बसून खाणारे नव्हेत. आपल्याला न पचणारा भाजीपाल्यातला, धान्यातला चोथा ते आंबवतात आणि त्यातून आतड्याच्या अस्तराला पोषण मिळतं. काही जीवनसत्त्वं ते तयार करतात. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे ते जागा अडवून बसतात. गाडीत सगळी बाकं भरलेली असली की उशिरा आलेल्या गुंडाला बसायला जागा मिळत नाही, तसं हे.

आता समजा, घसा सुजला आणि आपण अँटिबायोटिकची गोळी घेतली. गोळी घशासाठी आहे हे आपल्याला माहीत. गोळीला माहीत नसतं. ती रक्तातून सगळीकडे फिरते, आतड्यातही पोचते. घशातला एक शत्रू मारायला निघालेलं औषध वाटेत पोटातल्या असंख्य निरपराध्यांवर पडतं. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ही म्हण आपल्याकडे उगाच आलेली नाही. आणि यातूनच पुढची गोष्ट सुरू होते. कारण सगळेच जळत नाहीत.

जे वाचतात ते कसे वाचतात? आपण सहज म्हणतो, जिवाणू हुशार झाले, औषधाला तोंड द्यायला शिकले. 'शिकले' हा शब्दही जरा तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेत एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग या दांपत्यानं १९५२ साली एक साधा आणि फार देखणा प्रयोग केला. बशीत जिवाणूंचे ठिपके वाढवले. त्यावर मखमलीचा तुकडा हलकेच दाबला आणि तोच तुकडा औषध घातलेल्या दुसऱ्या बशांवर उमटवला. छापखान्यात शिक्का उठवावा तसा. औषधाच्या बशांत बहुतेक ठिपके मेले, पण काही ठरावीक जागी ते वाढले, आणि प्रत्येक बशीत त्याच त्या जागी. मूळ बशीत त्या जागेवरचे जिवाणू काढून पाहिले, तर त्यांनी औषधाचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. तरी ते टिकणारेच होते. म्हणजे औषध शिकवत नाही, औषध निवडतं. असंख्यांच्या गर्दीत एखादा आधीच थोडा वेगळा जन्मलेला असतो. बाकीचे मेले की जागा आणि अन्न सगळं त्याचं. आतड्यातला ई. कोलाय हा जिवाणू प्रयोगशाळेत दर वीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकतो. त्या वेगानं एकाचे शंभर कोटी व्हायला दहा तास पुरतात.

'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असं आपण म्हणतो. इथं पुढचा ठेचेनं मरतो आणि ज्याचा पाय मुळातच जाड आहे तो मागून चालत राहतो. पुढच्या वेळी औषध आलं की त्याच्या मुलांपैकी आणखी जाड पायाचे तेवढे उरतात. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली हे डोळ्यांना दिसेल असं करून दाखवलं. त्यांनी चार फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी भली मोठी बशी घेतली. दोन्ही कडांना औषध नाही, मग थोडं, मग त्याच्या दसपट, अशा पायऱ्या करत मध्यभागी हजारपट मात्रा ठेवली. कडेला ई. कोलाय सोडले. प्रत्येक पायरीच्या काठाशी ते अडत, थांबत. मग एखादा वंश फुटून पुढं सरके आणि पंख्यासारखा पसरे. दहा-बारा दिवसांत ते मध्यावर पोचले. थेट हजारपट औषधात टाकले असते तर एकही जगला नसता. पायऱ्या मिळाल्या म्हणून चढले. वारंवार घेतलेली, अर्धवट घेतलेली, मनानं घेतलेली औषधं त्यांना अशाच पायऱ्या बांधून देत असतात.

त्यांच्याकडची साधनं तरी कोणती? एक म्हणजे औषध तोडणारं विकर, एक प्रकारची कात्रीच. पेनिसिलिन अजून औषधाच्या दुकानात आलंही नव्हतं, तेव्हा १९४० साली ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांना ही कात्री सापडली होती, आणि तीही आतड्यात राहणाऱ्या ई. कोलायमध्येच. दुसरं साधन पंप. होडीत शिरलेलं पाणी नावाडी उपसतो, तसं आत आलेलं औषध हे जिवाणू बाहेर टाकतात. तिसरं म्हणजे औषध ज्या जागी जाऊन बसतं त्या जागेचा आकारच बदलायचा. कुलूप बदललं की जुनी किल्ली निरुपयोगी.

चौथं साधन मला सगळ्यात थक्क करून गेलं. ते म्हणजे झोप. काही औषधं फक्त वाढत असलेल्या जिवाणूला मारतात, निजलेल्याला नाही. जेरुसलेमच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: ई. कोलायच्या एका गटाला रोज तीन तास औषधात ठेवलं, दुसऱ्याला पाच तास, तिसऱ्याला आठ तास. रोज हेच. काही दिवसांतच प्रत्येक गटात असे वंश वर आले, की जे साधारण तेवढेच तास निजून राहत. तीन तासवाले तीन तास, आठ तासवाले आठ तास. औषध ओसरलं की उठत आणि कामाला लागत. औषधाची वेळ जणू त्यांना पाठ झाली. इथंही कुणी घड्याळ पाहत नव्हतं. लवकर उठले ते मेले, फार उशिरा उठले ते शर्यतीत मागं पडले. पण वारंवार तेच औषध, तितकाच वेळ, म्हणजे काय घडतं, ते यातून कळतं.

आतापर्यंत सांगितलं ते एका वंशाचं. पण आतडं म्हणजे गजबजलेली पेठ आहे, आणि पेठेत उसनवारी चालते. हे जगाला प्रथम नीट कळलं ते जपानमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं रक्ती हगवणीची साथ होती. आधी सल्फा औषधं वापरली. थोड्याच वर्षांत ती निकामी झाली. मग नवी अँटिबायोटिक्स आली. १९५५ साली हाँगकाँगहून परतलेल्या एका बाईच्या हगवणीचे जिवाणू तपासले, तर त्यांच्यावर एक नव्हे, चार-चार औषधं चालेनात. असे रुग्ण पुढं वाढत गेले. चार वेगवेगळ्या औषधांविरुद्धची ताकद एकाच वेळी कशी यावी? डॉक्टरांच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याच रुग्णांच्या आतड्यातले साधे, निरुपद्रवी ई. कोलायसुद्धा त्याच चार औषधांना दाद देत नव्हते. १९५९ च्या सुमारास जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की हे जिवाणू ही ताकद एकमेकांना हातोहात देतात. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६० च्या दशकात हे सगळं जगापुढं मांडलं. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर जनुकांची एक छोटी कडी असते, तिला प्लाझ्मिड म्हणतात. दोन जिवाणू जवळ येतात, मध्ये पूल होतो आणि कडीची नक्कल पलीकडे जाते. देणाऱ्याकडची कडी संपत नाही. आपल्याकडे विद्या दिल्यानं वाढते असं म्हणतात. हे त्याचंच उलटं रूप. मग जात वेगळी असली तरी चालते. निरुपद्रवी जिवाणू जीवघेण्याला कडी देऊ शकतो. एका कडीवर चार औषधांचा बंदोबस्त असला, तर एक औषध घेतलं तरी बाकी तिन्हींची ताकद आपोआप पोसली जाते.

कोर्स संपला की आतडं पूर्ववत होतं का? अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तीन निरोगी माणसांना सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध काही महिन्यांच्या अंतरानं दोनदा दिलं आणि दहा महिने त्यांच्या विष्ठेची तपासणी केली. २०११ साली निष्कर्ष छापून आले. औषध सुरू झाल्यावर तीन-चार दिवसांतच वस्तीची रचना पालटली. औषध थांबल्यावर आठवडाभरात ती सावरू लागली, पण पुरती पूर्वीसारखी झाली नाही. दुसऱ्या कोर्सनंतर शेवटी प्रत्येकाच्या पोटातली वस्ती सुरुवातीपेक्षा वेगळ्याच घडीवर येऊन थांबली. स्वीडनमध्ये क्लिंडामायसिन हे औषध फक्त सात दिवस घेतलेल्यांची तपासणी झाली, तेव्हा त्याला दाद न देणारी जनुकं दोन वर्षांनीही आतड्यात सापडली. सात दिवस आणि दोन वर्षं!

मला हे आकडे कळले ते नंतर. त्याआधी हा विषय घरात आला होता. माझ्या थोरल्या बहिणीला, आमच्या आपाला, थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ होऊ लागली. एक गोळी झाली, दुसरी झाली. ताप काही हटेना. मग एका डॉक्टरांनी लघवीचं कल्चर करायला सांगितलं. रिपोर्ट मी वाचला. एकेका ओळीत एकेका औषधाचं नाव आणि ओळीच्या शेवटी एक अक्षर. 'एस' म्हणजे औषध चालेल, 'आर' म्हणजे चालणार नाही. मी गझलही लिहितो. गझलेत शेराच्या शेवटी तोच शब्द पुन्हा पुन्हा येतो, त्याला रदीफ म्हणतात. त्या कागदावर रदीफ होता 'आर'. आर, आर, आर. अगदी खाली दोन ओळींत 'एस' होता, आणि ती दोन्ही औषधं गोळीत मिळत नव्हती. दहा दिवस दवाखान्यात राहून शिरेतून इंजेक्शनं घ्यावी लागली.

आपा डॉक्टरांना म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझ्या अंगाला गोळ्यांची सवय झाली हो." डॉक्टर म्हणाले, "तुम्हाला नाही झाली, आपा. तुमच्या पोटातल्यांना झाली." लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग बहुतेक वेळा आपल्याच आतड्यातल्या ई. कोलायमुळे होतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. पोटात असतो तोवर तो शेजारी असतो. जागा बदलली की शत्रू. आणि शत्रू होताना तो मागच्या साऱ्या गोळ्यांची शिदोरी बरोबर घेऊन येतो. आपा बरी झाली. अल्लाची मेहेरबानी आणि खाली उरलेल्या त्या दोन ओळींची. त्या दोन ओळीही 'आर' झाल्या असत्या तर, हा विचार मला पुष्कळ रात्री सुटला नाही.

पण "मी तर वर्षानुवर्षं गोळी घेतलेली नाही, मला काय त्याचं?" असंही कुणी म्हणेल. त्यासाठी दोन उदाहरणं सांगतो. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या एका कोंबडीपालन करणाऱ्या कुटुंबात डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास झाला. कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिन मिसळलं. आठवड्याभरात कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे ई. कोलाय त्या औषधाला पुरून उरणारे झाले. पाच-सहा महिन्यांत त्या घरातल्या माणसांच्या पोटातही तसेच जिवाणू दिसू लागले, आणि शेजारच्या घरांपेक्षा कितीतरी जास्त. माणसांनी गोळी घेतलीच नव्हती. यातली दिलासा देणारी बाजूही सांगायला हवी. ते खाद्य थांबवल्यावर सहा महिन्यांनी बहुतेकांच्या पोटातून हे जिवाणू ओसरले होते. औषधाचा मारा थांबला की ओझं वाहणारे मागं पडतात. नेहमीच नाही, पण पुष्कळदा.

दुसरं उदाहरण आपल्या अंगणातलं. २०१२-१३ मध्ये नेदरलँड्सच्या दोन हजार प्रवाशांची परदेशी जाण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासणी झाली. अनेक औषधांना न जुमानणारे आतड्यातले जिवाणू घेऊन सर्वांत जास्त लोक परतले ते दक्षिण आशियातून, म्हणजे आपल्या भागातून. चारांपैकी तिघे! प्रवासात अँटिबायोटिक घेतलेल्यांना हा धोका अधिक होता. परतल्यावर बहुतेकांच्या पोटातून ते महिन्याभरात गेले, पण दर दहांपैकी एकाच्या पोटात वर्षानंतरही होते. २०११ साली दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास छापून आला. शेवटच्या फळीतल्या अँटिबायोटिक्सनाही निकामी करणारं एनडीएम-१ हे जनुक साचलेल्या आणि वाहत्या सांडपाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये सापडलं, आणि नळाच्या ५० पैकी २ नमुन्यांतही. एकाच्या पोटातली कडी गटारात जाते, गटार पाण्याच्या पाइपाजवळून वाहतं, पाणी सगळ्यांच्या माठात येतं. माठ हिंदूचा की मुसलमानाचा, बंगल्यातला की झोपडीतला, हे जिवाणू विचारत नाहीत. आपापसात इतकी देवघेव आपण माणसांनी केली असती तर बरं झालं असतं!

जगभरात २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला आहे. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच्या भाषणात हा धोका सांगून ठेवला होता. त्यांनी एक कल्पित गोष्ट सांगितली होती. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन घेतो, तेही अपुरं. त्याचे जंतू निर्ढावतात. त्यांची लागण बायकोला होते आणि ती औषधाला दाद न देता मरते. लक्षात घ्या, चूक एकाची आणि मरण दुसऱ्याचं, हे फ्लेमिंग यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

मग करायचं काय? अँटिबायोटिक घ्यायचंच नाही, असं मी म्हणत नाही. न्यूमोनियाच्या, टायफॉइडच्या, जंतू रक्तात पसरलेल्या रुग्णाला ते वेळेवर न मिळणं हा गुन्हाच. पण सर्दी, फ्लू, बहुतेक खोकले विषाणूंमुळे होतात. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. मार बसतो तो फक्त पोटातल्या वस्तीला. साध्या जुलाबात बहुतेक वेळा गरज असते ती पाण्याची, मिठाची आणि साखरेची. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यानं कॉलऱ्याच्या रुग्णांचं मृत्यूचं प्रमाण शेकडा ३० वरून ४ च्या खाली आणलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं, ते या साध्या पाण्यासाठी. रक्त पडत असेल, ताप चढला असेल तर मात्र डॉक्टरांकडे जायलाच हवं.

दुसरं म्हणजे 'मेडिकल'च्या खिडकीशी उभं राहून "दोन-चार गोळ्या द्या" म्हणणं थांबवू या. आपल्या सरकारनं २०१३ साली ४६ औषधांची 'एच-१' नावाची वेगळी यादी केली. त्यांत पुष्कळ अँटिबायोटिक्स आहेत. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाहीत आणि दिली त्याची नोंद वहीत ठेवायची, असा नियम आहे. गोळ्यांच्या पट्टीवर उभी लाल रेघ दिसली, तर ती नक्षी नव्हे. उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवणं आणि शेजारणीला "मला याच गोळीनं बरं वाटलं होतं" म्हणून देणं, हा प्रेमाचा प्रकार असला तरी बंद करायला हवा.

तिसरं, कोर्सविषयी. "कोर्स पुरा करा" हे आपण लहानपणापासून ऐकतो. आता काही आजारांत कमी दिवसांचा कोर्सही तितकाच गुण देतो, असं दिसून आलं आहे, आणि जितके दिवस कमी तितका पोटातल्या वस्तीला मार कमी. पण दिवस किती, हे डॉक्टरांनी ठरवायचं. बरं वाटलं म्हणून आपण मध्येच सोडायचं नाही आणि "आणखी दोन दिवस घेऊन टाकू" असंही करायचं नाही. आणि चौथं काम एकेकट्याचं नाही, गावाचं आहे. लस, संडास, गटार आणि स्वच्छ पाणी. आजारच कमी झाले तर गोळ्या कमी लागतील, आणि गटार पाण्यात मिसळलं नाही तर उसनवारीही कमी होईल. नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आमच्या घरी म्हणतात, आजाऱ्याला दवा आणि दुवा दोन्ही लागतात. दुवा कितीही मागावी, ती वापरून संपत नाही. दवेचं तसं नाही. दवा हा गावच्या विहिरीसारखा सगळ्यांचा ठेवा आहे. एकानं जास्त उपसली की पुढच्याची घागर रिकामी येते, आणि तो पुढचा कदाचित आपल्याच घरातला असतो. म्हणून पुढच्या वेळी डॉक्टर चिठ्ठी लिहू लागले की अदबीनं एवढंच विचारा, "डॉक्टर, यात अँटिबायोटिक आहे का? ते लागेलच का? आणि किती दिवस?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.